अडणारा खण

माघ सरत आला की आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांत भुसकट सापडू लागतं. धाराशिव म्हटलं तर जिल्ह्याचं गाव, आमची कॉलनी म्हटली तर सगळी सिमेंटची. पण कॉलनीच्या मागच्या अंगाला अजून थोडी वावरं शिल्लक आहेत. त्यांतली ज्वारी निघाली, मळणी मशीन सुरू झालं, की वारा काही सातबारा बघून वाहत नाही. उशीच्या अभ्र्यावर, टॉवेलवर, ह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरीत ते बारीक, पिवळसर, अंगाला चावणारं भुसकट येऊन बसतं. हे शिंकतात, शर्ट झटकतात आणि दरवर्षी तेच म्हणतात, "या गावाला काही शहरपण येत नाही." मी झटकलेलं भुसकट हळूच तळहातावर घेते आणि नाकाशी नेते. पन्नाशीच्या बाईला हे शोभत नाही, ठाऊक आहे. पण त्या वासामागून मला जवसाच्या तेलाचा वास येतो, आणि तो कॉलनीमागच्या कुठल्याच वावरातला नसतो.

तो वास माझ्या माहेरच्या एका कपाटाचा आहे.

माहेर ईटचं. कपाट म्हणायचं ते आमचं आपलं. चार खणांचं लाकडी ठोकळं आणि वर आरशाची चौकट. शहाणी माणसं त्याला ड्रेसिंग टेबल म्हणतात. त्यातला सगळ्यात खालचा खण माझा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, दोन मुली उजवल्या, तरी माझा. तो सहजी उघडत नाही. लाकूड ओलं असतानाच सुतारानं केलेला, त्यामुळे त्याची एक बाजू वाकलेली आहे. डावीकडून जरा उचलून हिसका दिला तर येतो, नाहीतर अडून बसतो. माझी वहिनी वर्षातून दोन-तीनदा मला निरोप धाडते, "शालन, तुझा खण उघडंना झालाय. येऊन बग." पूर्वी हा निरोप बाजाराला आलेल्या गावकऱ्याच्या तोंडी यायचा, मग फोनवर यायला लागला. त्या निरोपाचा अर्थ खणाशी फारसा नसतो हे तिलाही ठाऊक आणि मलाही. मी पिशवी भरते आणि एसटी धरते.

यंदा मात्र तिचा फोन वेगळाच आला. माझा भाचा कळंबला भुसार मालाचं दुकान चालवतो. त्यानं तिथं घर बांधलंय, आता दादा-वहिनीही तिकडंच राहणार. वहिनी म्हणाली, "शालन, सामान हलवायलोय. कपाटाला भुंगा लागलाय, निम्मं पोखरून टाकलंय. तेवढा तुझा खण रिकामा करून घे बाई." मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला. मी फोन हातात धरून गच्चीवर तशीच उभी राहिले. दोरीवर कपडे होते, कपड्यांवर भुसकट होतं. पण यंदा ते नाकाशी न्यावंसं वाटलं नाही.

ज्या वर्षी ते कपाट आलं, त्या वर्षीची सुगी मला अजून जशीच्या तशी दिसते.

दादाचं लग्न नुकतंच झालं होतं. तो ढोकीकडच्या साखर कारखान्यावर हंगामी कामाला होता, उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावर. वहिनी उंबरा ओलांडून आत आली, गाळप सुरू झालं आणि नवरदेव हळदीच्या अंगानं काट्यावर जाऊन बसला. नव्या नवरीच्या वाट्याला आली ती सासू आणि नणंद. दादाला त्याचं वाईट वाटत असणार, पण आमच्या घरात पुरुषांनी वाईट वाटल्याचं बोलून दाखवायची पद्धत नव्हती. येळवसीला, मार्गशीर्षातल्या अवसेला सगळी वावरात जेवायला जातात त्या दिवशी, तो घरी आला तो उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून. आम्ही वावरात आंबिलीनं भरलेली घागर, बिंदगं, आणि भज्जी-उंड्यांची टोपली उतरवत होतो आणि समोरच्या रस्त्यानं हा ट्रॉलीत, शेजारी दोरखंडानं आवळलेलं ते कपाट, दोघंही खड्ड्याखड्ड्याला एकाच वेळी उडतायत. आई म्हणाली, "ह्ये काय आणायलाय गं ह्यो?" वहिनीनं पदर तोंडावर घेतला. हसली की लाजली ते मला कळलं नाही.

कळंबच्या एका सुताराकडून घेतलेलं, आंब्याच्या लाकडाचं, अगदी कोरं. ना पॉलिश, ना रंग, ना मुठी, ना आरसा. कोरं म्हणून स्वस्त. "पॉलिश घरीच करा, त्याला काय लागतंय," असं सांगून दादा दुसऱ्या दिवशी परत गेला. एखादी वस्तू आणून भिंतीला टेकवली की ती पूर्ण झाली, असं पुरुषांना वाटतं.

कपाट तसंच कोऱ्या अंगानं सोप्यात उभं राहिलं. आईनं त्याच्यावर लसणाच्या गड्ड्या वाळत घातल्या. येणारी-जाणारी प्रत्येक बाई बोट फिरवून म्हणायची, "रंग न्हाय व्हय लावला?" मी बघायचे, वहिनी जाता-येता त्या गड्ड्या एका बाजूला सारायची.

वहिनीचं नाव महानंदा. माहेर उमरग्याच्या पलीकडचं, जिथून पुढं दुकानांच्या पाट्या कानडी होतात. घरात कानडी, शाळेत मराठी, त्यामुळे तिच्या बोलण्यात दोन्ही भाषा एका ताटात जेवायच्या. मी तिच्याहून लहान, तरी नणंद म्हणून आईसमोर ती मला "ताई, तुमी" म्हणायची. आईची पाठ वळली की लगेच "ए शालन, इकडं बा." बा म्हणजे ये. हे दोन संबोधनांचं सोंग तिनं कधी चुकवलं नाही, आणि मला ते इतकं आवडायचं की आईची पाठ वळायची मी वाट बघायचे.

सुगी लागली. आमच्याकडं रब्बीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. पहाटेच्या गारव्यात ताटं ओली असतात तोवर उपटायची, कारण ऊन चढलं की ती हाताला कापतात. करडईला तर हातांना फडकी गुंडाळल्याशिवाय शिवता यायचं नाही. आम्ही दोघी सकाळी आईबरोबर वावरात असायचो. दुपारी आई खळ्याकडं राखणीला थांबायची आणि आम्हाला घरी पिटाळायची, गुरांचं पाणी आणि संध्याकाळच्या भाकरी बघायला. ती दुपारची रिकामी वेळ आमची होती. घरात कुणी नाही. बाहेर पिवळं ऊन, कडब्याच्या पेंढ्यांचा गोडसर वास, लांबून येणारा मळणी मशीनचा घरघराट. तशा एका दुपारी वहिनीनं लसणाच्या गड्ड्या सुपात काढल्या, पदर खोचला आणि म्हणाली, "चल. आपणच करू."

पॉलिश पेपर दादानं आणून ठेवले होते. आम्ही घासायला बसलो. खर्र-खर्र, खर्र-खर्र. आंब्याच्या लाकडाची भुकटी अंगभर उडायची आणि पापण्यांवर बसायची. वहिनीच्या पापण्या मोठ्या, ती बघता बघता म्हातारी दिसायला लागायची. मी हसायचे. ती म्हणायची, "तुझ्याकडं बग आदी." घासायचं कसं हे दोघींनाही माहीत नव्हतं. मी आडवं घासत होते, ती उभं. लाकडावर ओरखडे आले तेव्हा कळलं की रेषांच्या दिशेनं घासायला हवं होतं. फळ्यांमधल्या फटींत खडूची भुकटी आणि तेल मळून भरलं. त्याला लांबी म्हणतात हे मला पुढं कळलं. आम्ही त्याला पिठलं म्हणत होतो.

घासता घासता तिनं मला तिच्या फळीची गोष्ट सांगितली. तिच्या माहेरी मधल्या खोलीत भिंतीला एक फळी होती, तिची एकटीची. वर तिची पुस्तकं, टिकल्यांचं पाकीट, देवीच्या यात्रेतून आणलेला काचेचा हत्ती. लग्नानंतर पहिल्यांदा ती माहेरी गेली, बांगड्या काढून ठेवायला त्या फळीपाशी गेली, तर फळीवर फवारणीच्या औषधाच्या बाटल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. अव्वाला विचारलं, माझं सामान कुठंय. तर म्हणली, पोत्यात घातलंय, वर टाकलंय. तू कुठं आता हितं राहतीस?" वहिनी घासायची थांबली नाही. "वंगाळ बोलली न्हाय ती. खरंच बोलली. म्या तांब्याभर पाणी पिले आन् गप बसले."

"आणि बांगड्या?"

"हातातच ठेवल्या."

तेव्हा मला तिचं दुःख कळलं असं म्हणणार नाही. मला फक्त त्या काचेच्या हत्तीचं वाईट वाटलं. माझ्याही लग्नाच्या गोष्टी घरात चालू होत्या, पण पोत्यात घालून वर टाकलं जाणारं सामान आपलंही असू शकतं, हे मनात आलं नव्हतं.

दादानं व्हार्निशचा डबा आणायला सांगितलं होतं. वहिनीनं नाक मुरडलं. तिच्या माहेरी गाडीच्या लाकडाला, जुवाला जवसाचं तेल चोळतात. लाकूड काळसर, तुकतुकीत होतं आणि पावसात टिकतं. आमच्याकडं घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल होतंच, चटणीवर घ्यायचं. आईला न विचारता त्यातलं बरंच काढलं. जुन्या धोतराच्या चिंध्यांनी चोळ चोळ चोळलं. कोरं पांढुरकं लाकूड डोळ्यांदेखत मधासारखं होत गेलं. आम्ही दोघी मागं सरून बघत राहिलो. आपल्या हातानं एवढं देखणं काही झालंय, यावर माझा विश्वास बसेना. आणि मग, ते लवकर वाळावं म्हणून, आम्ही ते उचलून अंगणात उन्हाला नेऊन ठेवलं.

सुगीचे दिवस. अंगण घराच्या मागं, अंगणाच्या मागं वावर, वावरात त्याच दुपारी मशीन लागलेलं. आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल की अशा वेळी अंगणात पापडसुद्धा घालत नाहीत. पण आम्हाला कपाटाच्या पुढं काही दिसतच नव्हतं. वारा फिरला. आम्ही भाकरीला बसलो होतो. बाहेर येऊन बघतो तर कपाट सोनेरी झालेलं. वरून खालपर्यंत भुसकट, ज्वारीच्या दाण्यांची बारीक टरफलं, कुठं कुठं कणसाचे तूस. ओल्या तेलात सगळं रुतून बसलेलं. फडक्यानं पुसलं तर पसरलं, नखानं काढलं तर ओरखडा उठला. मी रडकुंडीला आले. वहिनी एकेक तूस चिमटीत धरून काढायला लागली, बराच वेळ काढत राहिली, मग अचानक खाली बसली आणि हसायला लागली. "साकु," म्हणाली, "साकु गं. पुरं झालं. ऱ्हाऊ दे ह्येला."

तेवढ्यात आई आली. डोईवरचं ओझंही न उतरवता तिनं कपाटाकडं बघितलं, मग आमच्याकडं. "सुगीत तेल लावून वस्तू उगड्यावर ठेवत असत्यात व्हय गं? एक लगीन झालेली, एक लगनाला आलेली. दोघीत मिळून एक डोकं न्हाय!"

तेल वाळायला पुढं बरेच दिवस लागले. मग त्या भुसकटावरूनच आम्ही दुसरा हात दिला. ते कायमचं आत राहिलं. भोगीच्या भाकरीवर तीळ असतात तसं, बोट फिरवलं की लागणारं. सगळ्यांना वाटायचं आमच्याकडं कसलं तरी वेगळं नक्षीचं पॉलिश आहे. एका पाहुणीनं तर सुताराचं नावही विचारलं होतं. वहिनीनं तिला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "सुतार भेटायचा न्हाय. सुगीतच येतोय."

मुठींसाठी आईच्या शिलाई मशीनच्या डब्यातली दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं घेतली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला तांबडा रंग माळ्यावर होता, तो त्यांना दिला. चार खणांना चार तांबडी रिळं. मग वाटणी झाली. वरच्या खणात वहिनीचं हळदीकुंकू आणि तिच्या इष्टलिंगाची करंडी. दुसऱ्यात दादाचे कपडे. तिसरा आईला, पण आईनं त्यात पहिल्याच दिवशी बी-बियाणाच्या पुरचुंड्या भरल्या. आणि खालच्या खणावर थाप मारून वहिनी मला म्हणाली, "इदु निंदु." हा तुझा.

आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "तिला कशाला खण? ती काय हितं ऱ्हाणार हाय व्हय?"

घरात सासूला उलट बोलायची वहिनीची छाती नव्हती. तिनं पदर नीट केला, मान खाली घातली आणि अगदी अदबीनं म्हणाली, "ऱ्हाणार न्हाईत म्हणून तर, अत्या. ऱ्हाणाऱ्याला कशाला पाहिजे खण? सगळं घरच असतंय त्येला."

आईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. ती स्वतःही कुठल्या तरी गावची लेकच होती की.

आरसा मात्र यायचा होता. दादा गाळप संपल्याशिवाय येणार नव्हता. त्या रिकाम्या चौकटीत आम्ही सगळी सुगी काढली. मी समोर बसून वेणी घालायचे, वहिनी मागून चौकटीत तोंड घालून माझी नक्कल करायची. मी डावीकडं मान वाकवली की ती तिकडंच वाकवायची, मी कुंकू लावलं की ती लावायची, मी जीभ काढली की ती त्याहून लांब. पुढं खरा आरसा बसला, बेल्जियमचा म्हणून दुकानदारानं गळ्यात मारलेला, आणि त्यात मला माझंच तोंड दिसायला लागलं. ते मला कधीच तेवढं आवडलं नाही.

सुगी संपली, कडबा रचून झाला, उन्हाळ्यात माझं लग्न झालं. धाराशिवला आले. हे सरकारी कचेरीत, माणूस सरळ, सासर वाईट नव्हतं. पण घरात कपाटं सगळी सासूबाईंची आणि किल्ल्या त्यांच्या कमरेला. माझी बॅग खाटेखाली असायची. रात्री उशाला हात घालून मी झोपायचे आणि मनात तो खण उघडायचे. त्यात शाळेच्या तांबड्या रिबिनी होत्या, अर्धवट विणलेला रुमाल, बुचाच्या फुलांची वाळून काळी झालेली माळ, एक फुटका कंगवा. चोरानंही नेलं नसतं असं सामान. ते तिथं आहे, एवढ्यावर माझे सुरुवातीचे दिवस निघाले.

दुसरीही मुलगीच झाली तेव्हा घरात सगळे चांगलंच बोलत होते, पण जरा कमी बोलत होते. त्या दिवसांत ईटचा एक माणूस दारात येऊन सांगून गेला, "तुमच्या वैनीनं सांगितलंय, खण उघडंना झालाय." तान्ही घेऊन मी गेले. वहिनीनं बाळाला घेतलं, मला चहा दिला, काही म्हणजे काही विचारलं नाही. चहा झाल्यावर म्हणाली, "जा, बग त्येचं काय ते." मी खणापाशी बसले आणि हिसका दिला, दुसरा दिला. तो खरंच अडला होता. जोर लावता लावता मला रडू फुटलं आणि रडता रडता खण उघडला. आत ताजी निंबाची पानं होती आणि खाली नवा वर्तमानपत्राचा कागद. दर सुगीला ती तो बदलायची. माझ्या फुटक्या कंगव्याला कसर लागू नये म्हणून!

आई गेली, तेव्हा मी मनाशी धरून बसले होते की आता संपलं. आई असेतोवर माहेर, असं सगळ्याच बायका म्हणतात, आणि बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही होतं. सगळं आटोपून मी परत निघाले. वहिनीनं ओटी भरली, एसटीपर्यंत आली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "सुगीला ये. खण आडलाय." आणि लगेच तोंड फिरवून चालायला लागली. मी सबंध प्रवासभर नारळ मांडीवर धरून बसले होते.

तर अशा बाईनं मला सांगावं की खण रिकामा करून घे.

मी जायचं टाळलं. आज मुलीचा फोन यायचाय, उद्या गॅस यायचाय. खरं कारण हे की जोवर मी जात नव्हते तोवर तो खण भरलेला होता. मनाची समजूत घालायचाही प्रयत्न केला. कपाट जुनं झालं, भुंग्यानं खाल्लं, नव्या घरात ते कुठं ठेवणार? वहिनीचंही वय झालं, नव्या घरी सुनेचं राज्य असणार, तिनं तरी किती सांभाळायचं. सगळं पटत होतं. पण मला फवारणीच्या बाटल्यांची ती फळी आठवत होती, आणि वहिनीची आई वाईट नव्हती, खरंच बोलली होती, हेही आठवत होतं. खरं बोलणाऱ्या माणसावर रागावताही येत नाही.

शेवटी ह्यांनीच विचारलं, "यंदा सुगी निम्मी झाली, तुझा खण कसा नाही अडला अजून?" तेव्हा उठले. एव्हाना सामान भाच्याच्या घरी गेलं होतं, म्हणून ईटची न धरता कळंबची गाडी धरली.

वाटेत दोन्ही अंगांना ज्वारी पडलेली होती. आता उपटणारी माणसं कमी मिळतात, काही वावरांत यंत्रानंच कापणी चालली होती. खिडकीतून भुसकट आत येत होतं. शेजारच्या मुलीनं ओढणीनं नाक बांधलं आणि काच ओढून घेतली. मला बरं वाटलं, यंदा तो वास मलाही नको होता.

भाच्याचं घर रस्त्याला लागूनच. दार उघडं, आत ठोकाठोक चालू. मी पुढून न जाता बोळातून मागं गेले, ईटची जुनी सवय. आणि मागच्या अंगणात ते दिसलं. आमचं कपाट मोकळं करून टाकलं होतं. फळ्या एकीवर एक रचलेल्या, भुंग्यानं चाळणी केलेल्या, पाणी तापवायच्या बंबाशेजारी. आरशाची चौकट भिंतीला टेकवलेली, पुन्हा रिकामी. खण बाजूला पडलेले होते. वरचा होता, दुसरा होता, बी-बियाणाचा होता. माझा नव्हता.

मी फळ्या उचलून खाली बघितलं, चौकटीमागं बघितलं. मग बंबाकडं बघितलं. बंब नुकताच विझला होता, राख अजून ऊन होती. रागही आला नाही. उशीर आपणच केला. मी त्या राखेपाशी उकिडवी बसून राहिले आणि राखेत तांबड्या रिळाचा एखादा तुकडा दिसतोय का ते बोटानं बघू लागले.

"काय शोधायलीस गं तिथं?"

वहिनी दारात उभी होती. केस पांढरे, गुडघे धरून चालते, पण पदर तसाच खोचलेला. हातात एक गाठोडं. मी राखेकडं बोट दाखवलं.

तिनं राखेकडं बघितलं, बाजूला पडलेल्या खणांकडं बघितलं. मग तिला उमगलं आणि तिचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं ती मला मारणार. "याडी का काय तू? म्या तुझा खण जाळीन व्हय? उठ. उठ आदी. बा इकडं."

आतल्या खोलीत नवं कपाट बसत होतं. भिंतभर, छतापर्यंत, पांढऱ्या चकचकीत सनमायकाचं, मध्ये उभा आरसा, स्टीलच्या मुठी. खाली ड्रॉवरची रांग. आणि त्या पांढऱ्याधोप रांगेच्या शेवटी, एका कोपऱ्यात, काळसर, तेलकट, भुसकटाचे ठिपके असलेला माझा खण. त्याची तांबडी मूठही तशीच. नव्या कपाटात त्याच्या मापाची जागा मुद्दाम सोडायला लावलेली.

मी खाली बसले. बोट फिरवलं. तीळ लागले.

"मग रिकामा कर कशाला म्हणलीस?" मी विचारलं.

"अगं, सुताराला मापं घ्यायला, बसवून बगायला रिकामा नको व्हय? तू काय येईनास. मग म्याच काडून बांदून ठिवलं." तिनं ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "खाली भुंगा व्हता, पर ह्येला शिवला न्हाय बग. तेल लई पिलेला ह्यो. घे, मोज आन् भर परत. फुटका कंगवा हाय, का तेवढाच जाळून ठिवलाय ते बग."

पलीकडं दादा खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. न बघताच म्हणाला, "एवढं पांढरं कपाट केलं पोरानं, आन् कोपऱ्यात ठिगळ लावलं हिनं." ठिगळ म्हणताना तो हसत होता.

मी गाठोडं सोडलं. रिबिनी, रुमाल, माळेचा चुरा, कंगवा. खणात ताजा कागद अंथरलेला होता आणि निंबाची पानं. एकेक वस्तू ठेवली. बंद करताना तो निम्म्यावरच अडला. मी डावीकडून उचलून रेटलं तेव्हा गेला.

सुतार बाजूलाच स्क्रू आवळत होता. माझी झटापट बघून त्याला चेव आला. "बगा की ताई, तुमीच सांगा आता मावशीला. बाकीचे समदे ड्रॉवर चॅनेलवर हायेत, एका बोटानं सरकत्यात. म्हणलं, ह्येची बाजू रंधून देतो, खाली चॅनेल लावतो, लोण्यावानी पळंल. तर नको म्हणत्यात. वाकलाय ह्यो. असाच ठिवला तर कायम आडत ऱ्हाणार."

वहिनी माझ्या खांद्याला धरून हळूहळू शेजारी टेकली. गुडघे दुखत असताना जमिनीवर बसायची तिला डॉक्टरनं बंदी केलीय.

"आडू द्या," ती म्हणाली. "तेवढा एक आडू द्या."